पावसाळ्याचा स्वयंपाक मे महिन्यात

लातूरहून निघताना मायनं वीस किलो ज्वारी दळून दिली होती. दोन डबे, झाकणावर सुती फडकं बांधलेलं. एसटीत दोन्ही डबे पायांत धरून आणले. पहिला डबा कसाबसा संपला. जूनच्या शेवटी दुसरा उघडला आणि आंबूस वास आला. वरचा थर हाताला सरकेना, बोटांना ओलसर गोळा लागला. तो फोडला तर आत बारीक पांढऱ्या अळ्या. एका कडेचं पीठ त्यातल्या त्यात बरं दिसत होतं, ते दोनदा चाळलं आणि भाकर थापली. पहिलाच घास कडू लागला.

घरमालकीण काकी मागीलदारी भांडी विसळत होत्या. डबा त्यांच्यापुढे नेला. त्यांनी चिमूटभर पीठ नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, पावसाचं पीठ आणायचं नसतं. धान्य आणायचं. पीठ आठ दिवसांपुरतं."

मायनं कष्टानं निवडून, दळून दिलेलं दहा किलो पीठ त्या दिवशी काकींच्या म्हशीच्या आंबोणात गेलं. मला रडू आलं. आमच्याकडे अन्न असं टाकत नाहीत. ज्वारीच्या पिठात तेलाचा अंश असतो, ओल लागली की ते लवकर खवट होतं, हे मला पुढे कळलं. लातूरच्या कोरड्या हवेत तेच पीठ महिना-दीड महिना निवांत टिकलं असतं. माझ्या मायची चूक नव्हती. तिला जेवढा पाऊस ठाऊक होता, तेवढ्या पावसाचा हिशोब तिनं केला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गाव लातूर तालुक्यातलं, नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर. पवित्र पोर्टलवरच्या भरतीतून २०२४ च्या मार्चमध्ये रुजू झालो. मार्च-एप्रिल उन्हात गेले, मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो आणि १५ जूनला शाळा उघडायच्या दोन दिवस आधी परत आलो. त्या सुट्टीत मी काय गमावलं, हे समजायला मला पूर्ण पावसाळा लागला.

लातूरला वर्षाकाठी साधारण आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर. हे आकडे मी मुलांना शिकवतो. पण चौपट पाऊस म्हणजे काय, ते आकड्यातून कळत नाही. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. लोक अंगणात येऊन बघतात, ढगांचं बोलतात. इथे तो आला की राहायलाच आला. पहिले तीन दिवस मी तो थांबायची वाट बघत होतो. थांबला की कपडे धुऊ, थांबला की दुकानात जाऊ. चौथ्या दिवशी लक्षात आलं की वाडीत दुसरं कुणीच वाट बघत नाही. सगळ्यांची कामं पावसातच चालली होती.

त्या पहिल्या रात्रीची एक गोष्ट सांगायला हवी. कौलांवरून पागोळ्या धो धो पडू लागल्या आणि मी उठून माझ्याकडची सगळी भांडी त्यांच्याखाली नेऊन लावली. बादली, पातेली, कुकर, डबे, शेवटी परातसुद्धा. सगळी भरली, तरी पाणी पडतच होतं. मला ते बघवत नव्हतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या वर्षी मी दहावीची परीक्षा दिली होती. जलदूत नाव होतं त्या गाडीचं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी आलं. काका मला स्टेशनवर घेऊन गेले होते. पाण्याचे डबे बघायला माणसं जमली होती, आणि एक म्हातारी त्या गाडीला हात जोडत होती. ते बघितलेल्या माणसाला पागोळीचं पाणी मातीत जाताना सोसत नाही.

काकी कंदील घेऊन पडवीत आल्या. मी अवघडलो. त्यांनी सगळी भांडी पाहिली, काही न बोलता आत गेल्या, आपला तांब्याचा हंडा आणला आणि माझ्या बादलीशेजारी लावला. मग म्हणाल्या, "चैतात टँकरखाली तुम्हीच नाय का आमच्याबरोबर हंडा लावलात?" खरं होतं. एप्रिलमध्ये याच वाडीवर टँकर येत होता. डोंगरउतार आणि सच्छिद्र जांभा, त्यामुळे एवढं पाणी पडून पऱ्याला लागतं, पऱ्यातून शास्त्री नदीला आणि तिथून समुद्राला. जूनमध्ये दार उघडायला न देणारं पाणी एप्रिलमध्ये हंड्याला मिळत नाही. त्या रात्री लातूर आणि कोकण मला पहिल्यांदा जवळ वाटलं.

पण त्या पाण्यानं माझं स्वयंपाकघर बिघडवलं. डब्यातल्या मिठाचं पाणी झालं. काडेपेटीच्या दहा काड्या ओढल्या तर दहाही गुलाचा लगदा होऊन गळाल्या. मायनं दिलेले उडदाचे पापड वातड झाले, गुळाला पाझर फुटला. कैरीच्या लोणच्यात ओला चमचा बुडवायची माझी सवय, तर आठवड्यात वर पांढरी बुरशी धरली. चामडी चपलेवर, पट्ट्यावर, पाठ्यपुस्तकांच्या पुठ्ठ्यावर हिरवट लव आली. मी रोज एकेक वस्तू फेकत होतो आणि काय चुकतंय ते उमगत नव्हतं. गावाकडे मी चार वर्षं एकटा राहून स्वयंपाक केला होता. भाकर, वरण, पिठलं, येसराची आमटी, सगळं हातचं. इथे माझ्या हाताला काहीच येत नसल्यासारखं झालं.

मग एका रविवारी काकींनी मला आपल्या स्वयंपाकघरात बसवून घेतलं. भातशेती करणारं कुणबी घर. गॅसची शेगडी ओट्यावर होती, तरी कोपऱ्यात चूल पेटलेली. मी विचारलं, गॅस असताना चूल कशाला? "गॅस रांधण्यापुरता. चूल घरासाठी," त्या म्हणाल्या.

वर पाहिलं तेव्हा त्याचा अर्थ लागला. चुलीवर छताला बांबूची मांडणी टांगलेली. तिच्यावर एका टोपलीत खडेमीठ, एका फडक्यात सुका जवळा, लसणाच्या जुड्या, पुढच्या वर्षीच्या तवशाचं आणि भेंडीचं बियाणं. त्याच्या पलीकडे वलणीवर मुलांचे गणवेश वाळत घातलेले. मला एकदम शाळा आठवली. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांच्या कपड्यांना पावसाळ्यात धुराचा वास येतो. तो वास कुठला, हे मला इतके दिवस कळलं नव्हतं. ती ऊब, तो धूर सकाळ-संध्याकाळ घरभर फिरतो, कौलांखालच्या वाशांना, धान्याला, कपड्यांना लागतो आणि ओल मागे सारतो.

कोकणातल्या पावसाळी स्वयंपाकाची किल्ली मला त्या दिवशी मिळाली. इथे आधी ओल सांभाळायची, मग चव. काकींनी एकेक वस्तू हातात देऊन दाखवली. मीठ चिनी मातीच्या बरणीत, चुलीच्या बाजूला. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात खुपसलेली, कारण तांदूळ ओल ओढून घेतात. लोणच्याला लाकडी चमचा, तो दर वेळी चुलीच्या उबेवर धरून मगच बरणीत. तेल फोडींच्या वर चार बोटं. भात सडून ठेवायचं नाही, कणग्यात टरफलासकट ठेवायचं आणि लागेल तसं गिरणीवर न्यायचं. धान्याला स्वतःचं साल असतं तोवर ते स्वतःला राखतं. माझं पीठ का गेलं, त्याचं उत्तर त्या शेणानं सारवलेल्या कणग्यात होतं.

जुलैच्या मध्यावर त्या शिकवणीची परीक्षा झाली. १४ जुलैला खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वे थांबली, तेच दिवस. आमच्या वाडीचा साकव पाण्याखाली गेला. तीन दिवस वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती, देवरुखहून येणारा भाजीचा टेम्पो नव्हता. माझ्याकडे दोन कांदे आणि चार बटाटे होते, ते पहिल्याच दिवशी संपले. मला भीती वाटली. वाडीत भाजीचं दुकान नाही, मग आता ही सगळी घरं काय खाणार?

त्या संध्याकाळी काकींनी हाक मारली. पितळी वाटीत तांबूस पीठ होतं. भाजलेल्या कुळथाची डाळ जात्यावर दळून केलेली, ती कुळथाची पिठी. त्यांनी मलाच करायला लावली. दोन मोठे चमचे पिठी गार पाण्यात कालवायची. लसणाच्या सात-आठ पाकळ्या ठेचून तेलात लाल करायच्या, त्यात हिरवी मिरची आणि असला तर कांदा. मग आधण. पाण्याला उकळी आली की एका हातानं कालवलेली पिठी बारीक धारेनं सोडायची आणि दुसऱ्या हातानं डाव फिरवत राहायचा. मी घाईनं ओतली, गुठळ्या झाल्या. काकींनी डाव घेतला, गुठळ्या कडेला दाबून मोडल्या आणि परत माझ्या हातात दिला. "धार तुटू द्यायची नाय, हात थांबू द्यायचा नाय." शेवटी मीठ, दोन आमसुलं, आणि पाच मिनिटं खदखदणारी उकळी. मऊ गरम भात, त्यावर ती पिठी आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. बाहेर पाऊस कौलं बडवत होता. पोटात ऊब उतरत गेली तशी माझी भीती गेली.

तीन दिवस त्या घराला बाजाराची आठवण झाली नाही. एकदा फणसाच्या आठळ्यांची भाजी. मेमध्ये फणस खाल्ल्यावर आठळ्या लाल मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवलेल्या, त्या धुऊन, ठेचून, सुक्या मिरचीत परतल्या. एकदा जवळ्याची चटणी, सुकं खोबरं आणि लसूण घालून. एकदा सांडगी मिरची आणि ताक. एकदा नुसती पेज आणि लोणचं. मी विचारलं, हे सगळं कधी केलंत? उत्तर दर वेळी एकच होतं: "वैशाखात."

म्हणजे पावसाळ्याचा स्वयंपाक मे महिन्यातच झालेला असतो. जूनमध्ये तो फक्त चुलीवर चढतो. इथे त्याला बेगमी म्हणतात. लाकूडफाटा, गोवऱ्या, मीठ, मिरची, मसाला, सुकी मासळी, कुळीथ, आमसूल, फणसपोळी, तांदळाच्या फेण्या. कौलं शाकारायची, पडवीच्या पावसाच्या बाजूला झापं बांधायची. सगळ्याला ऊन लागतं आणि ऊन मेमध्येच असतं. एकटं आमसूल घ्या. रातांबा फोडायचा, गर आणि बिया वेगळ्या काढून त्यांत मीठ घालायचं, सालं उन्हात वाळवायची. मग सुटलेल्या खारट रसात ती सालं भिजवायची, परत वाळवायची. असं पुट द्यायचं, सात-आठ दिवस, साल काळीभोर आणि मऊ होईपर्यंत. आठवडाभराचं कडक ऊन मुरलेली ती दोन सालं पावसाळ्यातल्या एका आमटीत पडतात.

आमसुलाची किंमत मला अळवानं शिकवली. मागीलदारी परसात अळू माजलं होतं. एका संध्याकाळी कुणाला न विचारता मी ते खुडलं, पालकासारखं चिरलं, लसणीची फोडणी दिली आणि खाल्लं. पाच मिनिटांत घसा खवखवायला लागला. जीभ, टाळू, ओठ, सगळीकडे बारीक सुया टोचाव्यात तसं. खरोखर सुयाच असतात त्या. अळवाच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. मी घाबरून काकींकडे धावलो. त्यांनी तोंडात आमसूल धरायला दिलं आणि वर खोबऱ्याचा तुकडा चावायला लावला. हळूहळू आराम पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अळू समोर करून दाखवलं. खुडताना कोवळी, काळ्या देठाची पानं. चिरण्याआधी हाताला तेल. देठांची साल ओढून काढायची. पानं आणि देठ भरपूर शिजवायचे, इतके की घोटल्यावर एकजीव व्हावेत. आंबट हवंच, आमसूल किंवा चिंच. भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे, थोडा गूळ. शेंगदाण्यांची पुडी मी माझ्या खोलीतून आणली, मायनं दिलेली. आमच्या रानातले दाणे आणि काकींच्या परसातलं अळू एका पातेल्यात शिजलं. फतफतं इतकं चांगलं झालं की मी दोनदा भात घेतला. घसा एकदाही खवखवला नाही.

अळवानं मला रानाचा धाक बसवला आणि तो बसायलाच हवा होता. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत इथला डोंगर खायच्या पाल्यानं भरून जातो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, तेरं, पुढे करटोली आणि बांबूचे कोंब. बाहेरून आलेल्या माणसाला सगळं हिरवं सारखंच दिसतं. मला माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवलं. परिसर अभ्यासाच्या तासाला पावसाची उघडीप होती म्हणून मुलांना शाळेमागच्या बांधावर नेलं. पुस्तकातून पानांचे प्रकार शिकवायचे होते. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ह्यो टाकळा. संध्याकाळी बगा, पानं मिटून झोपतो." मी संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं. पानांच्या जोड्या हात जोडल्यासारख्या मिटलेल्या होत्या.

त्या तासाला वीस मुलांनी मला अकरा भाज्या दाखवल्या, आणि नुसती नावं नाही सांगितली. टाकळा कोवळा असतानाच खायचा, मोठा झाला की उग्र लागतो. भारंगीची पानं उकडून पाणी पिळून टाकायचं, म्हणजे कडूपणा जातो. फोडशीची पानं नीट धुवायची, बुडाशी माती असते. बांबूचा कोंब बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग उकडायचा आणि तेही पाणी फेकायचं. यामागे शास्त्र आहे. कोवळ्या कोंबात सायनाईड तयार करणारे घटक असतात, ते भिजवल्यानं आणि उकळल्यानं निघून जातात. नऊ वर्षांच्या पोराला शास्त्र माहीत नव्हतं, कृती माहीत होती. ती त्याच्या आजीनं शिकवली होती. आणि अळंबी? एकदम सगळी ओरडली, "ती आजीला दावल्याबिगर नाय!" श्रावणात वारुळाभोवती उगवणारी अळंबी इथे आवडीनं खातात, पण तिच्यासारखीच दिसणारी विषारी छत्रीही रानात असते. चुकलं तर जीव जातो. मुलांना तो नियम तोंडपाठ होता.

त्याच आठवड्यात वर्ग रिकामा झाला. लावणी सुरू झाली होती. तरवा काढायला, पेंढ्या वाहायला घरात जो हात असेल तो लागतो. शाळा सुटल्यावर मीही काकींच्या शेतात गेलो. चिखलात पोटरीपर्यंत पाय, पाठीवर प्लास्टिकचं इरलं, कमरेतून वाकून चार-चार रोपं लावत मागे सरकायचं. माझी ओळ वाकडी येत होती, पण कुणी मला बाहेर काढलं नाही. मग बांधावर भाकरी सुटली. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कांदा. ओल्या बोटांनी खाल्लेली ती भाकरी मला आमच्याकडच्या खळ्यावरच्या जेवणासारखी लागली. घरी आल्यावर काकींनी आधी गरम पाणी आणि साबण दिला. पायाला जखम असेल तर चिखलात जायचं नाही, लेप्टो होतो, ताप आला तर अंगावर काढायचा नाही, हेही बजावलं. विहिरीचं पाणी त्या दिवसांत तांबूस येतं. ते गाळून, उकळूनच प्यायचं, हा या घराचा आणि आता माझाही नियम आहे.

मासे खाणाऱ्यांच्या या मुलुखात पावसाळ्यात ताजी मासळी का दिसत नाही, हा प्रश्नही मला पडला होता. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे एकसष्ट दिवस, यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. म्हणून सुक्या मासळीची बेगमी. घरात ताजं येतं ते शेतातून आणि पऱ्यातून. पहिल्या पुराबरोबर पाण्याच्या उलट वर येणारे चढणीचे मासे, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात बांधावर धरलेले खेकडे. श्रावण लागला की तेही बंद. जीभ आणि रान दोन्ही विश्रांती घेतात, असं काकी म्हणतात.

९ ऑगस्टला नागपंचमी होती. मला घरची फार आठवण आली. आमच्याकडे पंचमी म्हणजे झाडाला झोके, ज्वारीच्या लाह्या आणि पुरणाची दिंडं. त्या दिवशी चिरायचं नाही, भाजायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. म्हणून पुरण कणकेच्या पारीत बांधून वाफेवर उकडतात. सकाळी फोनवर माय म्हणाली, "लेकरा, तुला दिंड कोण देणार रे तिथं?" तेवढ्यात काकींनी आत बोलावलं. हळदीची लांब हिरवी पानं पुसून ठेवली होती. पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यावर गूळ-खोबऱ्याचं सारण, पान दुमडून मोदकपात्रात. पातोळ्या. झाकण काढलं तेव्हा हळदीच्या पानाचा जो वास घरभर झाला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही. मी विचारलं, तळायचं का नाही? "आज तवा-कढई नाय. वाफेवरच," काकी म्हणाल्या.

मी फोन सुरूच ठेवला होता. मायनं ते ऐकलं. जवळपास पाचशे किलोमीटर अंतरावरच्या दोन बायका, एक ज्वारीच्या मुलखातली आणि एक भाताच्या, एकमेकींना कधी न पाहिलेल्या, एकाच सकाळी एकाच कारणानं पदार्थ वाफवत होत्या. मायनं काकींना सांगितलं, "बाई, माझ्या लेकराकडं बघा." काकी म्हणाल्या, "तुमचं पीठ वाया गेलं हो माझ्या घरात, मला वाईट वाटलं." त्यानंतर दोघी दर पंधरा दिवसांनी बोलतात. माय आता पीठ पाठवत नाही. कडुनिंबाचा पाला घालून ज्वारी पाठवते.

२०२५ च्या मेमध्ये मी सुट्टीतले पंधरा दिवस इथेच राहिलो. बेगमी शिकायची म्हणून. कुळीथ भाजले, जात्यावर भरडले, सुपानं पाखडले. लाकडं फोडून पडवीत रचली. वीस मेच्या सुमारास रातांबे फोडायला घेतले, पहिलं पुट दिलं आणि आभाळ भरून आलं. त्या वर्षी पाऊस थांबलाच नाही. २५ मेला मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोहोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, नेहमीपेक्षा दहाएक दिवस आधी. अंगणातली सालं आम्ही आत नेली, परत बाहेर आणली, परत आत नेली. चुलीवरच्या मांडणीवर घातली. निम्म्यावर सालांना बुरशी आली. झाडावरचे रातांबे पावसानं गळून कुजले. सुकवायला आणलेली मासळीही नीट सुकली नाही. काकी ओटीवर बसून नुसत्या बघत होत्या. "एवढ्या वर्षांत वैशाखानं असं कधी केलं नाय," त्या म्हणाल्या.

या घरांचा अख्खा पावसाळा मे महिन्याच्या दोन-तीन आठवड्यांच्या उन्हावर उभा असतो. ते ऊन हुकलं की जुलैच्या ताटातून आमसूल जातं, मासळी जाते, कुळीथ जातो. वर्तमानपत्रात मोसमी पाऊस लवकर आल्याची बातमी आनंदाची असते. मीही लातूरकर म्हणून ती आनंदानंच वाचत आलो. आता ती वाचताना मला काकींचं अंगण दिसतं. अवकाळी पावसाचं नुकसान मोजताना आंबा मोजतात, काजू मोजतात. घराघरातल्या बायकांची वाया गेलेली बेगमीही मोजायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मराठवाड्यातून, विदर्भातून कोकणात नोकरीला येणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एक सांगणं आहे. पहिल्या वर्षी जूनमध्ये येऊ नका, मेमध्ये या. आठ दिवस तरी शेजारच्या घरी बसा, हाताला काम मागा, कुणी नाही म्हणत नाही. रानभाजी ओळखीच्या माणसानं हातात दिल्याशिवाय चुलीवर चढवू नका. पिण्याचं पाणी उकळा. आणि येताना पीठ आणू नका, धान्य आणा.